वलगावचं फोल्डर

अकोला
३ ऑगस्ट २०२५

चि. पायल,
सप्रेम जयभीम.

आधी रागावून घेते, मग बाकीचं. तुझं मागचं पत्र मार्चमधलं आहे. फोन करतेस हे मान्य, पण उजवा कान गेल्यापासून मला फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरते. परवा तुझा बाप देवमन म्हणाला ‘बैल आजारी आहे’ आणि मी ऐकलं ‘पायल आजारी आहे’. दोन तास रडले. एकतीस वर्षं अकोला स्टेशनवर आरएमएसमध्ये टपालाची छाननी केली, हजारो लोकांची पत्रं या हातांनी वाटेला लावली, आणि माझ्याच दारात पोस्टमन थांबत नाही म्हणजे काय?

आता बातमी. आमच्या पोरीचं, आमूचं जमलं. मुलगा अचलपूरचा, धम्मदीप. वीज कंपनीत आहे, बोलायला शांत आहे, आमूला पसंत आहे. मला विचारशील तर जरा जास्तच शांत आहे, पण आपल्या आमूच्या तोंडापुढे शांतच माणूस टिकेल. २४ ऑगस्टला त्यांच्याकडे जेवायला बोलावलंय, त्याच दिवशी साक्षगंधाची तारीख काढायची.

एक गोष्ट फक्त तुझ्यापाशी. आमू तुमच्याकडे वलगावला राहून बी.एड. करत होती, तेव्हा गावातल्या शिबिरात तिची सिकलसेलची तपासणी झाली होती. ती वाहक निघाली. तिला आजार नाही, पुढे होणारही नाही, फक्त नवरा वाहक नसावा एवढंच पाहायचं. आमू म्हणते, त्यांना आधीच सांगून टाकू. मी नाही म्हटलं. मुलाची तपासणी गोडीने करून घेऊ, आपलं सांगायची घाई कशाला? लोकांना वाहक आणि रोगी यांतला फरक कळत नाही, पोरीच्या नावाला चिकटतं ते चिकटतंच. शिबिरात तिला मैना घेऊन गेली होती, म्हणून तुझ्या आईला माहीत आहे. तिला बजावून ठेव.

आणि तू त्या लॅबचं नेमकं काय काम केलंस? देवमन म्हणतो, ‘कम्प्युटरात रस्ते बनवते’. मला कळेल असं लिही.

तुझी आत्या
मनकर्णा


अमरावती
१० ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,
जयभीम.

बाबांनी पहिल्यांदाच माझं काम बरोबर सांगितलंय. मी खरंच रस्ते बनवते.

तुझ्या छाननीत भिंतीला खाने असायचे ना, जिल्ह्याचा, त्यात तालुक्याचा, तालुक्यात गावाचा? तसंच आहे. वेबसाइट म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेला एक मोठा कम्प्युटर, त्याला सर्व्हर म्हणतात. त्यात फोल्डर, फोल्डरात फोल्डर, शेवटी फाइल. तिथवरचा पत्ता मध्ये तिरक्या रेघा देऊन लिहायचा. पत्ता दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, अगदी फाटकापासून सगळा. दुसरा, आपण उभे आहोत तिथून: ‘इथून एक पायरी वर जा, मग शेजारच्या खोलीत’. दुसरा सोपा वाटतो पण दगा देतो. मागच्याच महिन्यात मी असा एक लिहिला, माझ्या लॅपटॉपवर झकास चालला आणि सर्व्हरवर नुसती कोरी पाटी. कारण तिथलं ‘इथून’ वेगळ्याच जागी होतं. आमचे सर हसून म्हणाले, पायल, तुझं घर सगळ्यांचं घर नसतं.

लॅबचं काम असं की रक्ताचे अहवाल लोकांना फोनवर मिळावेत. लिंक आली, बोट लावलं, अहवाल उघडला. तिथे महादेवराव म्हणून जुने गृहस्थ आहेत, बावीस वर्षं तेच अहवाल वाटतात. मी म्हटलं, प्रत्येकाला पासवर्ड देऊ. तर म्हणाले, “म्हातारी मानसं पासवर्ड कुठी ठेवतीन, बाई? अन् ते नंबर-गिंबर बी नको. मले गाव सांग, नाव सांग, मी मानूस ओळखतो.” मला ते पटलं. म्हणून फोल्डर गावावार केले. अहवाल, मग वलगाव, मग माणसाचं नाव आणि तपासणी. महादेवराव एवढे खूश झाले की त्यांनी मला घरचे शेंगदाण्याचे लाडू आणून दिले. वलगावच्या शिबिराचे एकशे त्रेचाळीस अहवाल आम्ही जानेवारीत एका दिवसात चढवले.

आईला तुझा निरोप सांगितला. म्हणाली, “मी कायले सांगू कोनाले? माह्याच घरची पोरगी हाय ते.” आमूला म्हणावं, साक्षगंधाला मी मोरपिशी नेसणार आहे, तिने तो रंग घेऊ नये.

तुझी
पायल


अकोला
१ सप्टेंबर २०२५

पायल,

लग्न मोडलं.

२४ तारखेला अचलपूरला गेलो. मी, आमू, आणि आमूचे काका. जेवणं झाली. बडीशेप फिरत होती. धम्मदीपचे भाऊजी, म्हणजे त्या घरचे मोठे जावई, निळ्या कव्हरचा फोन घेऊन उठले आणि सगळ्यांपुढे म्हणाले, “पोरीत खोट हाय अन् तुमी लपवून राहिले.” फोनवर आमूचा अहवाल होता. नाव, वय, वलगाव, सगळं. फोन हातोहात फिरला. धम्मदीपकडे आला तेव्हा त्यानेही पाहिला आणि पुढे दिला. एक शब्द बोलला नाही. आमूही बोलली नाही. मी समजावायला लागले, की बाबांनो वाहक म्हणजे रोगी नव्हे, तर त्याची आई म्हणाली, “मंग लपवलं काहून?”

तेव्हापासून मी एकच विचार करतेय. हे कुणाला माहीत होतं? मी, आमू, तू, देवमन आणि मैना. तू लेकरू आहेस. देवमनच्या पोटात गोष्ट राहते. अहवाल आला तेव्हा आमूजवळ कोण होतं? मैना. आणि मैनाचं माहेर कुठलं? परतवाड्याचं, अचलपूरला लागून.

३० तारखेला मी वलगावला आले होते, तू ऑफिसात होतीस. आमूही सोबत होती. विहारात वर्षावासाचं वाचन संपलं, पाच-सहा बायका होत्या. त्यांच्यासमोर मी मैनाला विचारलं, “तूनं सांगतलं ना?” ती म्हणाली, “बाई, मी नाई सांगतलं.” एवढंच म्हणाली, चपला घातल्या आणि निघून गेली. जिने केलं नाही ती भांडेल की नाही? माझ्या अंगावर धावून येईल की नाही?

तीस वर्षं तिला बहिणीसारखं वागवलं मी. माझ्या पोरीचं घर तिने बसण्याआधीच मोडलं.

आत्या


वलगाव
७ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. वाचून काय लिहावं ते सुचत नव्हतं म्हणून उशीर झाला.

आईने सांगितलेलं नाही. मला खात्री आहे. कृपा करून तिला काही बोलू नकोस. ती विहारात जायची बंद झाली आहे. बायका समोरून आल्या तर ती गल्ली बदलते. जेवायला बसते आणि उठते. बाबा विचारतात तर म्हणते, पित्त झालंय.

इथे बाकी ठीक. पेढी नदीला पाणी आहे. लॅबच्या कामात थोडी दुरुस्ती निघाली होती ती मी केली, त्यात दोन दिवस गेले. आमूला माझा जयभीम सांग. तिला फोन केला होता, तिने उचलला नाही.

पायल


अकोला
१२ सप्टेंबर २०२५

पायल,

खात्री आहे म्हणतेस आणि कारण लिहीत नाहीस. पेढीला पाणी आहे हे मात्र लिहितेस.

मी आयुष्यभर पाकिटं हातात घेतली. आत काय आहे ते वाचायचं नसतं, पण काहीतरी आहे हे हाताला कळतं. तुझ्या या पत्रात काहीतरी आहे.

आमू शाळेत जाते, शिकवते, घरी येते. माझ्याशी बोलत नाही. कुणाशीच बोलत नाही.

कारण लिहिणार असशील तर लिही. नाहीतर राहू दे.

मनकर्णा सिरसाट


अमरावती
२६ सप्टेंबर २०२५

आत्या,

तू खाली पूर्ण नाव लिहिलंस. मला तू कधी पूर्ण नावाने सही केली नव्हतीस.

कारण लिहिते. चौथ्यांदा लिहायला बसलेय.

तुझं पत्र मला २ सप्टेंबरला मिळालं. ऑफिसात वाचलं. ‘नाव, वय, वलगाव’ हे तीन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. कारण लॅबचा अहवाल कागदावर देतात त्यात गाव नसतं. वलगाव फक्त माझ्या रस्त्यात आहे.

मी लॅबची साइट उघडली. आमूच्या अहवालाचा पत्ता काढला. त्याच्या शेवटचा तुकडा, म्हणजे तिच्या नावाचा, खोडला आणि उरलेला पत्ता उघडून पाहिला. समोर वलगावची पूर्ण यादी आली. एकशे त्रेचाळीस नावं, एकाखाली एक, प्रत्येकापुढे काय तपासलं ते. बोट लावा, उघडा. आत्या, त्यात कसली हुशारी लागत नाही. शाळेतलं पोरही चुकून करू शकेल.

मी दार लावलंच नव्हतं असं नाही. सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये मी एक कोरं पान ठेवलं होतं, तिथे कुणी आलं तर यादी न दिसता कोरं पान दिसावं म्हणून. पण गावांची फोल्डरं नंतर महादेवरावांच्या बटणातून आपोआप बनत गेली, त्यांत ते पान गेलंच नाही. प्रत्येक गाव उघडं. माझ्या लॅपटॉपवर अशी यादी दाखवायची सोयच बंद होती, म्हणून मला ती कधी दिसली नाही. सर्व्हरवर ती चालू होती. मी माझ्या घरी पाहिलं आणि समजले की सगळीकडे तसंच असेल. सर हसून बोलले होते तेच.

कुणी काय उघडलं याची सर्व्हर नोंद ठेवतो. ती मी काढली. २४ ऑगस्ट, दुपारी बारा चाळीस, आमूचा अहवाल. बारा त्रेचाळीस, वलगावची यादी. त्यानंतर एकामागून एक अकरा अहवाल, सगळे तरुण मुलींचे. तुम्ही पंगतीला बसला होतात तेव्हा तो माणूस बाहेर फोनवर हे करत होता. ९ ऑगस्टलाही आमूचा अहवाल एकदा उघडला गेलाय, तो कुणी ते कळलं नाही, तिनेच असेल. लिंक नसताना त्या भाऊजींना तो सापडला कसा, याचं उत्तर मला एकच सुचतं. माझा रस्ता इतका सरळ होता की गाव आणि नाव माहीत असलं की अंदाजाने टाइप करता यावं. अशीच मी त्याची बढाई तुला मारली होती.

त्याच दिवशी सगळी फोल्डरं बंद केली. आता अहवाल रस्त्यावर नसतात, नाव नसतं, फोनवर आलेला आकडा टाकल्याशिवाय उघडत नाहीत. सरांना सांगितलं. ते म्हणाले, झालं ते झालं, बंद केलंस ना, आता वाच्यता करू नको, कंपनी चार माणसांची आहे. मी हो म्हटलं.

आणि घरी आले. आई पोळ्या करत होती. तिचे डोळे सुजले होते. मला माहीत होतं ती का रडली, आणि ती का रडायला नको होती हेही फक्त मलाच माहीत होतं. मी हात धुतले आणि जेवायला बसले. त्याला आज चोवीस दिवस झाले.

आमूचं लग्न मी मोडलं. आईला तू बोललीस तेही माझ्यामुळे. आता काय करू ते मला कळत नाही.

पायल


अकोला
१ ऑक्टोबर २०२५

पायल,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग आमूच्या हातात दिलं. तिने वाचलं, घडी केली आणि आतल्या खोलीत गेली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

मला तुझा राग आलाय. तो लपवत नाही. पण राग कशाचा ते नीट ऐक. चूक झाली, ती कुणाचीही होते. पाकिटावर पत्ता लिहायचा असतो, आतला मजकूर नाही, एवढं साधं तुला कुणी शिकवलं नाही आणि महादेवरावांच्या लाडवांपुढे तुला ते आठवलं नाही. १० ऑगस्टच्या तुझ्या पत्रात सगळं लिहिलं होतं, मी आरएमएसची बाई, मलाही खटकलं नाही. ते सोड. पण चोवीस दिवस तू आईच्या हातची पोळी खाल्लीस.

आता माझं ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नोकरीला लागून पाच वर्षं झाली होती. पोस्टकार्ड उघडं असतं, पण छाननीत फक्त पत्ता वाचायचा, उलटं करायचं नाही, हा नियम. एक दिवस मी एक उलटं केलं. अकोटच्या एका बाईला मुंबईहून दिराने लिहिलं होतं, की तुझ्या नवऱ्याने इथे दुसरं घर केलंय. मी घरी येऊन शेजारच्या इंदूबाईला सांगितलं, नाव-गाव सांगितलं, का सांगितलं कुणास ठाऊक. इंदूबाईचं माहेर अकोट. कार्ड पोचायच्या आधी बातमी पोचली. त्या बाईने ती दिराच्या कार्डातून नव्हे, नळावरच्या हसण्यातून ऐकली. बाहेर कसं गेलं याची चौकशी झाली, गावच्या पोस्टमनवर आळ आला, त्याची बदली झाली. मी गप्प राहिले. पुढे त्या बाईकडे जाऊन सांगावं असं दर वर्षी वाटायचं. अकोट इथून एसटीने तासाभराच्या अंतरावर आहे. दोन हजार अकराला ती वारली. आता कुणाला सांगू?

म्हणून तू वाट पाहू नको. यादीत एकशे त्रेचाळीस माणसं आहेत ना? एकेकाच्या दारात जा आणि सांग. फोनवर नाही, चिठ्ठीने नाही. तुझे सर काय म्हणतील ते म्हणू देत.

पौर्णिमेला विहारात वाचनाचा समारोप आहे. मी येते. ज्या बायकांसमोर मैनाला बोलले त्यांच्यासमोर माझं बोलणं परत घेते. त्याच्या आत तू तिला सांगितलेलं असलं पाहिजे. तिला हे माझ्या तोंडून कळायला नको.

तुझी आत्या


वलगाव
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,

पौर्णिमेला तू आलीस तेव्हा आपल्याला बोलता आलं नाही. तुझी बस होती, आणि मला तुझ्याकडे पाहता येत नव्हतं. म्हणून सगळं लिहिते.

३ तारखेला मी सरांना सांगितलं की मी लोकांना सांगणार आहे. त्यांनी मला लॅपटॉप ठेवून जायला सांगितलं. ठेवला. मग लॅबमध्ये गेले, डॉक्टरांनी ऐकून घेतलं, बाकीच्या गावांची यादी कुणी उघडलेली नाही तरी तिथल्यांना तेच कळवतील. महादेवराव कोपऱ्यात ऐकत होते. म्हणाले, “अकल तं माही होती, बाई. मी येतो तुह्यासंगं.” त्यांनी रजा टाकली. यादी माझ्या हातात होती, पण तिचा उपयोग झाला नाही. कोण कुठल्या गल्लीत, कोणाच्या घराला मागून दार, कोणाचं म्हातारं दुपारी झोपतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं.

प्रत्येक दारात मी तेच बोलायचे. तुमचा रक्ताचा अहवाल आठ महिने कुणालाही पाहता येईल असा पडला होता, तसा मी ठेवला, चूक माझी आहे. बरेच जण म्हणाले, बरं. एक आजोबा हसले, “माह्या रक्तात आता काय राह्यलं लपवाले?” एका घरी मला पाणी दिलं, एका घरी कुत्रं सोडलं. सगळ्यात वाईट माणिकबाईंकडे. त्यांच्या वैशालीला अंजनगाव सुर्जीचं स्थळ आलं होतं, दोनदा येऊन गेले, ऑगस्टनंतर फोनच बंद केला. त्यांना कारण कळलं नव्हतं. भाऊजींनी उघडलेल्या अकरांत वैशालीचं नाव आहे. त्यांनीच तिथवर पोचवलं का ते मला माहीत नाही, पण मी सगळं सांगितलं. माणिकबाईंनी शिव्या दिल्या नाहीत. वैशालीला बाहेर बोलावलं आणि म्हणाल्या, “इले सांग. मले कायले सांगतं?” मी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे.

यादी इंग्रजी अक्षरांप्रमाणे लागते. आमू पाचवी होती. तिला सोडून मी पुढे गेले, म्हटलं तुला लिहिलंच आहे. आईचं नाव एकाहत्तरावं. खरं तर घरी रोज सकाळ-संध्याकाळ आई समोर होती, पण मी स्वतःला सांगत होते की क्रमाने जाऊ. तिसऱ्या दिवशी, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, एकाहत्तर आलं. महादेवराव फाटकाबाहेरच थांबले.

दार उघडंच होतं. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी पायरीखाली उभी राहिले आणि बाकीच्यांना म्हणते तसंच म्हटलं. मैनाबाई देवमन तायडे, तुमचा अहवाल, इथून शेवटपर्यंत. आमूचं कसं बाहेर गेलं तेही सांगितलं.

आई म्हणाली, “हे तुले कधी समजलं?”

“दोन सप्टेंबरले.”

“म्हंजे म्या विहारात जानं बंद केलं, तवा तुले मालूम होतं.”

“हो.”

“मी जेवत नोती, तवाई.”

“हो.”

सुपातले दोन-तीन खडे तिने काढून टाकले. मग म्हणाली, “अहवालाचं काई नाई. माह्या रक्तात काय हाय ते गावानं पाह्यलं तरी चालते. पन माही पोरगी माह्याच ताटावर बसून गप्प राह्यली.”

मी रडायला लागले. तिने मला आत ये म्हटलं नाही. सूप खाली ठेवून म्हणाली, “किती घरं राह्यले?” मी म्हटलं, बहात्तर. “मंग जा,” म्हणाली. मी गेले.

दुसऱ्या दिवशी तू विहारात सगळ्यांसमोर हात जोडलेस, आणि ती तुला ‘जेवून जा, बाई’ म्हणाली. तुला तेवढंच दिसलं. तू गेल्यावर ती किती तरी वेळ तशीच चटईवर बसली होती. आता विहारात जाते. जेवते. मला वाढते. माझ्याशी लागेल तेवढंच बोलते.

आणखी एकतीस घरं राहिली आहेत, बहुतेक शेतावर गेलेली, सोयाबीन काढणीवर. ती झाली की आमूला पत्र लिहीन. हिंमत झाली तर.

पायल


अकोला
१६ ऑक्टोबर २०२५

प्रिय पायल,
जयभीम.

तुझी पत्रं आईला असतात, पण ती माझ्यासमोर ठेवते. कालचंही ठेवलं. एकाहत्तराव्या दारापर्यंत वाचलं आणि पुढे वाचवेना.

तुला पत्र लिहायला हिंमत लागते म्हणतेस. तुझ्याआधी मीच लिहायला हवं होतं, दीड महिन्यापूर्वी.

९ ऑगस्टला माझा अहवाल कुणी उघडला ते तुला कळलं नाही. धम्मदीपने. लिंक त्याला मी पाठवली होती. आई सांगू नको म्हणत होती, पण ज्याच्याबरोबर जन्म काढायचा त्याच्यापासून हे लपवायचं मला जमेना. अर्ध्या तासात त्याचं उत्तर आलं, त्यात काय एवढं, माझी तपासणी करून घेतो, घरी मीच सांगतो. केलीही त्याने. काही निघालं नाही. मला वाटलं, माणूस मिळाला. घरी सांगायचं तेवढं मात्र तो आज-उद्या करत राहिला.

२४ तारखेला भाऊजींनी जो फोन फिरवला तो धम्मदीपचाच होता. निळ्या कव्हरचा. त्यांनी तो फोन सहज चाळायला घेतला असेल आणि माझा मेसेज दिसला असेल. फोन फिरत फिरत धम्मदीपपर्यंत आला, तेव्हा त्याने स्वतःचाच फोन परक्यासारखा हातात घेतला, पहिल्यांदाच पाहतोय असं पाहिलं आणि पुढे दिला. पायल, माझं लग्न तिथे मोडलं. त्याच्या आईने नाही म्हणायच्या आधीच.

तेव्हा माझं लग्न तुझ्या फोल्डरने मोडलं नाही. हे मी तुला हलकं वाटावं म्हणून लिहीत नाही. वैशालीचं जे झालं ते त्या यादीमुळे झालं असेल, तर ते तुझंच आहे आणि त्यातलं काहीच मी कमी करू शकत नाही.

मी तिथेच बोलायला हवं होतं, की यांना सगळं आधीपासून माहीत होतं, विचारा यांना. नाही बोलले. बोलले असते तर आईला कळलं असतं की मी तिचं ऐकलं नाही. एवढ्यासाठी. मग ३० तारखेला आई मामीला विहारात विचारत होती, तेव्हा मी चार हातांच्या अंतरावर चटई गुंडाळत होते. मामीने माझ्याकडे पाहिलं. आईकडे नाही, माझ्याकडे. मी चटईचं दुसरं टोक शोधत राहिले. धम्मदीपला नावं ठेवायला बसते तेव्हा ती चटई आठवते आणि मी गप्प होते.

दोन वर्षं मामीने मला डबा दिला. शिबिरात सुई टोचताना माझा हात तिने धरला होता.

काल आईला हे सगळं सांगितलं. तिने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, “मीच सांगू नको म्हटलं होतं.” मग पोळ्या करायला उठली.

यादीत पाचवी मी आहे. तू माझ्या दारी आली नाहीस, ते राहू दे. मला काही सांगायचं तुझं राहिलेलं नाही. माझं राहिलंय. रविवारी सकाळच्या एसटीने येते, दहापर्यंत वलगावच्या स्टॉपवर उतरेन. तू घ्यायला येऊ नको, रस्ता मला माहीत आहे. आधी एकाहत्तराव्या घरी जाईन आणि तू उभी होतीस त्याच पायरीखाली उभी राहीन. त्यानंतर तुझी एकतीस घरं करू.

मामीला आधी काही सांगू नकोस. मला आत घ्यायचं की नाही, ते तिचं तिला ठरवू दे.

तुझी
आमू